वाचक विचारतात : ‘रोजची भाकर’ नेमकी कुठल्या दिवसाची?

बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक शब्दांबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. काही पोस्टकार्डावर, बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि एका आजोबांनी तर वहीची आठ पानं लिहून पाठवली. जे प्रश्न अनेकांनी विचारलेत ते आधी घेतले आहेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून कुणाचंच नाव दिलेलं नाही. माझी ओळख एवढीच, की वडील नेवासे तालुक्यात पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू होते आणि मी तीस वर्षं पाळकी शिकणाऱ्या मुलामुलींना नव्या कराराचं ग्रीक शिकवलं.

प्रश्न : बाई, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21 व्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ आमच्या शिबिरात सांगितलं, की ग्रीकमध्ये पहिल्या दोन वेळा ‘अगापे’ आहे, म्हणजे देवाची निःस्वार्थ प्रीती. पेत्र मात्र ‘फिलेओ’ म्हणतो, म्हणजे नुसती मैत्री. म्हणून तिसऱ्या वेळी प्रभू खाली उतरून पेत्राचा शब्द वापरतो. मराठी शास्त्रातही, म्हणजे बायबलातही, तिथे ‘प्रीती’ आणि ‘प्रेम’ असे दोन शब्द आहेत. हा अर्थ धरावा का? (तरुण संघाचा कार्यकर्ता, पिंपरी)

उत्तर : शिकवायला लागले तेव्हा पहिली चार वर्षं मीही हाच अर्थ सांगत असे. फळ्यावर दोन रकाने काढायचे, एकीकडे अगापे, दुसरीकडे फिलेओ. मुलं भराभर उतरवून घ्यायची.

पाचव्या वर्षी एका विद्यार्थिनीने वर्गात जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर उघडलं. ख्रिस्ताच्या दोन-अडीचशे वर्षं आधीपासून ज्यू लोकांनी अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली होती. पहिल्या ख्रिस्ती लोकांचं वाचायचं शास्त्र बहुतेक तेच. तिने दुसऱ्या शमुवेलाचा 13 वा अध्याय काढला. दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, डोळा ठेवतो, आजारी असल्याचं सोंग करून तिला खोलीत बोलावतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. पहिल्याच वचनात त्याच्या त्या वासनेला ग्रीक भाषांतरकाराने क्रियापद वापरलंय ‘अगापाओ’. आणि 15 व्या वचनात, अत्याचारानंतर त्याला तिचा द्वेष वाटू लागतो तेव्हा, ‘त्याने तिच्यावर केलेल्या प्रीतीपेक्षा हा द्वेष मोठा होता’ असं वाक्य आहे. तिथे नाम आहे ‘अगापे’. तिने एवढंच विचारलं, “बाई, ही कुठल्या रकान्यात?” वर्गात कुणी बोललं नाही. त्या दिवशी मी रकाने पुसले आणि पुन्हा कधी काढले नाहीत.

नव्या करारातही तेच दिसतं. ‘मनुष्यांना प्रकाशापेक्षा अंधाराची आवड होती’, योहान 3:19, तिथे अगापाओ. परुश्यांना सभास्थानातली पुढची आसनं आवडतात, लूक 11:43, तिथेही अगापाओ. देमास प्रेषित पौलाला सोडून गेला, कारण त्याला हे जग प्रिय वाटलं, तिथेही तेच. उलट बाजूही बघा. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान 3:35 मध्ये अगापाओने सांगितलंय आणि 5:20 मध्ये फिलेओने. देवपित्याची पुत्रावरची प्रीती ‘नुसती मैत्री’ म्हणायची का? ‘येशूची ज्याच्यावर प्रीती होती तो शिष्य’ 13:23 मध्ये एका शब्दाने येतो, 20:2 मध्ये दुसऱ्या.

मग 21 व्या अध्यायात दोन शब्द कशाला? त्याच तीन वचनांत योहान आणखी काय काय बदलतो ते बघा. एकदा कोकरं, मग मेंढरं. एकदा ‘चार’, एकदा ‘पाळ’. शेवटच्या उत्तरात पेत्र ‘तुला ठाऊक आहे’ आणि ‘तू ओळखतोस’ असे जाणण्याचे दोन वेगळे शब्द वापरतो. एकच शब्द पुन्हा पुन्हा न आणता जोडीजोडीने मांडणं ही योहानाची लकबच आहे. कोकरं आणि मेंढरं यांत कुणी दोन तत्त्वज्ञानं शोधत नाही, तर प्रीतीतच का शोधावीत? आपणही ‘आईचं प्रेम’, ‘आईची माया’, ‘आईची ममता’ म्हणतो; त्यातली कुठली वरच्या पायरीवर, कुठली खालच्या?

पेत्राला वाईट कशाचं वाटलं हे योहानाने सरळ लिहिलंय : ‘तिसऱ्यांदा’ विचारलं म्हणून. येशूला अटक झाली त्या रात्री पेत्राने त्याची ओळख तीनदा नाकारली होती, म्हणून तीनदा विचारलं. आणि इथे एक ग्रीक शब्द आहे ज्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं, ‘आंथ्राकिआ’, कोळशांचा विस्तव. सगळ्या नव्या करारात हा शब्द फक्त दोनदा येतो. एकदा योहान 18:18, मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा होता आणि ‘मी नाही’ म्हणाला. दुसऱ्यांदा 21:9, तळ्याच्या काठावर, जिथे येशूने त्यांच्यासाठी मासे भाजत ठेवले होते. तोच वास, तीच धग. संदेश द्यायचा असेल तर या विस्तवावर द्या.

‘अगापे’ मोठा शब्द नाही असं मी म्हणत नाही. पहिल्या करिंथचा 13 वा अध्याय आणि योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा, इथे तो आभाळाएवढा होतो. पण त्याला तिथे मोठं केलंय त्या वाक्यांनी, त्यांतल्या वधस्तंभाने. शब्द घरून ते मोठेपण घेऊन आला नव्हता.

प्रश्न : ‘सुवार्ता देवाचे सामर्थ्य आहे’, रोमकरांस 1:16, यातला ग्रीक शब्द ‘दुनामिस’, त्यावरूनच डायनामाइट शब्द आला. म्हणजे सुवार्ता स्फोटक आहे, असं बरेच वक्ते सांगतात. तसंच ‘एक्लेसिया’, मंडळी, म्हणजे ‘जगातून बाहेर बोलावलेले’. हे दोन्ही बरोबर ना? (संगमनेर)

उत्तर : डायनामाइटला ते नाव आल्फ्रेड नोबेलने 1867 च्या सुमारास दिलं. पौलाने रोमकरांना पत्र लिहिलं त्याला तेव्हा अठराशे वर्षं होऊन गेली होती. नातवाच्या चेहऱ्यावरून पणजोबाचा स्वभाव काढता येत नाही. आणि पौलाला दुनामिस म्हणताना काय दिसत होतं हे त्यानेच दुसऱ्या करिंथच्या 12:9 मध्ये लिहून ठेवलंय : प्रभूचं सामर्थ्य अशक्तपणातच पूर्णतेस येतं. शब्द तोच, दुनामिस. सुरुंगाशी त्याचा काही संबंध नाही. मला हे उदाहरण मंचावरून ऐकू आलं की दुःख होतं, कारण ते 12:9 झाकून टाकतं.

‘एक्लेसिया’मध्ये ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणं, ही फोड बरोबर आहे. पण शब्दाची फोड म्हणजे अर्थ नव्हे, हे आपल्याला ग्रीक शिकण्याआधी शाळेतच शिकवलेलं असतं. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं. बेडूकही चिखलातच जन्मतो, त्याला कुणी पंकज म्हणत नाही. कुशल म्हणजे मुळात कुश नावाचं गवत बोट न कापता तोडणारा आणि प्रवीण म्हणजे वीणा चांगली वाजवणारा, असं सांगतात. पण कुशल डॉक्टरकडे जाताना आपण गवताचा विचार करत नाही. रूढी व्युत्पत्तीपेक्षा बळकट असते हे आपल्या व्याकरणकारांनी कधीच सांगून ठेवलंय. हाच नियम ग्रीकला लावा, निम्म्या चुका टळतील.

एक्लेसिया रूढीने काय होतं ते पाहायचं तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19. इफिसात देमेत्रिय नावाचा सोनार, चांदीचे देव्हारे करणारा, पौलामुळे धंदा बसतोय म्हणून लोकांना चिथावतो. सगळं गाव नाट्यगृहात घुसतं आणि दोन तास एकच घोषणा. कशासाठी जमलोय हे बहुतेकांना ठाऊकच नाही. या गोंधळी जमावाला लूक काय म्हणतो? एक्लेसिया. शेवटी नगराचा लेखनिक त्यांना समजावतो, की तक्रार असेल तर ती कायदेशीर सभेत मांडा. तीही एक्लेसिया. म्हणजे सभा, जमलेली माणसं. म्हणून मराठीतला ‘मंडळी’ हा शब्द मला फार आवडतो. भजनी मंडळी, नाटक मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी. त्यात भिंती नाहीत, इमारत नाही, माणसं आहेत. ज्याने कुणी तो पहिल्यांदा बसवला त्याचा कान शाबूत होता.

प्रश्न : प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ आहे. एका पुस्तकात वाचलं, की मूळ शब्दाचा अर्थ ‘रोजची’ नाहीच, ‘उद्याची’ आहे. मग आम्ही लहानपणापासून चुकीची प्रार्थना करतोय का? (शब्बाथ शाळेच्या शिक्षिका, जालना)

उत्तर : ताई, तुमची प्रार्थना चुकीची नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि या सदरात एकच प्रश्न घ्यायची वेळ आली असती तर मी हाच घेतला असता.

मत्तय 6:11 आणि लूक 11:3 या दोन्ही ठिकाणी भाकरीच्या आधी विशेषण आहे ‘एपिऊसिओस’. ख्रिस्ती लेखनाबाहेर हा शब्द कुठेच खात्रीने सापडत नाही. होमरपासून बाजाराच्या हिशेबांपर्यंत एवढं अफाट ग्रीक लिखाण उपलब्ध आहे, त्यात हा नाही. हे आजच लक्षात आलंय असंही नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन हा ख्रिस्ती विद्वान, ज्याची मातृभाषाच ग्रीक, तो लिहितो की हा शब्द विद्वानांच्या लिखाणात नाही आणि सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. जगात सगळ्यात जास्त वेळा म्हटल्या गेलेल्या प्रार्थनांपैकी ही एक, आणि तिच्यातल्या भाकरीच्या शब्दावर ग्रीक माणूसच अडतो!

अर्थ लावायचे मुख्य दोन रस्ते. एक, ‘एपि’ अधिक ‘ऊसिआ’, म्हणजे असणं, अस्तित्व. जगायला लागते तेवढी भाकर. दुसरा, ‘एपिऊसा’ या शब्दावरून. त्याचा अर्थ येणारा दिवस. हा शब्द मात्र रोजच्या वापरातला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत 16:11 मध्ये पौलाची मंडळी ‘दुसऱ्या दिवशी’ नियापुलीस पोचते, तिथे हाच आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम या विद्वानाने शास्त्राचं लॅटिन भाषांतर सुधारलं तेव्हा तोही अडखळला. लुकात त्याने ‘रोजची’ राहू दिलं आणि मत्तयात त्याच शब्दाला ‘अस्तित्वापलीकडची’ असा जड शब्द घातला. त्यानेच आणखी एक मोलाची गोष्ट नोंदवून ठेवली : ‘इब्री लोकांचं शुभवर्तमान’ नावाच्या, नव्या करारात नसलेल्या जुन्या ग्रंथात या जागी ‘माहार’ हा शब्द त्याला सापडला, आणि माहार म्हणजे उद्या.

मध्यंतरी एक कागद सापडल्याचं वाटलं होतं. इजिप्तमध्ये फायूम भागात मिळालेली, पपायरसवर लिहिलेली घरखर्चाची यादी 1889 मध्ये छापली गेली. वाचणाऱ्याला तिच्यात हा शब्द दिसला. मग काय, रोजचा शिधा असा अर्थ पक्का झाला, कोशांत गेला. पण मूळ कागद हरवला. तो 1998 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात पुन्हा मिळाला, नीट वाचला, तर तिथे एपिऊसिओस नव्हताच. तिथे होतं ‘एलाइऊ’, तेल. शंभर वर्षं ज्या शब्दावर विद्वान विसंबले तो तेलाचा हिशेब निघाला.

आता माझं मत. मला ‘येणाऱ्या दिवसाची’ हाच अर्थ जास्त पटतो, आणि तो का पटतो त्यात व्याकरण निम्मं आहे, उरलेलं निम्मं आईकडून आलंय. 1972 चा दुष्काळ. मी नऊ वर्षांची. वडिलांना मंडळीकडून मिळणारं धान्य बंद झालं होतं, कारण मंडळीकडेच नव्हतं. आई खडी फोडायला जायची. घरात लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, त्याची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की लाकडासारखी व्हायची. रात्री भांडी घासून झाली की आई उतरंडीतल्या खालच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घालायची. दिवा विझवलेला असायचा. ती हातानेच अंदाज घ्यायची. कधी म्हणायची, “सकाळचं निघतंय.” कधी काहीच म्हणायची नाही. मग आम्ही चटईवर बसून प्रभूची प्रार्थना म्हणायचो.

त्या अंधारात ‘रोजची भाकर’ म्हणताना आईच्या मनात कुठली भाकर होती? आजची तर खाऊन झाली होती. ती मागत होती सकाळची. रोजंदारीवर जगणाऱ्याला आजचा दिवस उद्याला टेकलेलाच असतो. मत्तयाच्याच 20 व्या अध्यायात द्राक्षमळ्यातले मजूर संध्याकाळी दिनार घेऊन घरी जातात. त्या दिनाराचं पीठ दुसऱ्या दिवशी पोटात जाणार. येणाऱ्या दिवसाची भाकर आज दे. संध्याकाळी म्हटली तर ती उद्याची, पहाटे म्हटली तर आजची. मराठीतली ‘रोजची’ या दोन्ही वेळांना पुरते.

कुणी म्हणेल, त्याच अध्यायात पुढे ‘उद्याची चिंता करू नका’ आहे, मग उद्याची भाकर कशी मागायची? मला यात विरोध दिसत नाही. मागून झालं की आई झोपायची.

आणि ‘भाकर’ हा शब्द बदलू नका, हात जोडून सांगते. मूळ शब्द ‘आर्तोस’. हल्ली कुणी ‘अन्न’ म्हणतात, कुणी ‘ब्रेड’. येशूने पाच हजारांना वाढले ते आर्तोस जवाचे होते हे योहान 6:9 मध्ये स्पष्ट आहे, आणि जव हे गरिबाचं धान्य. आपल्याकडे त्या जागी ज्वारीची, बाजरीची भाकरीच बसते.

प्रश्न : श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असं येशू म्हणतो. यात मूळ शब्द उंट नसून दोरखंड आहे, किंवा सुईचं नाक हे जेरुसलेमचं लहान दार होतं, असं ऐकलं. खरं काय? (दोन वाचक, नाशिक आणि वसई)

उत्तर : उंटच. ‘कामेलोस’ म्हणजे उंट, ‘कामिलोस’ म्हणजे जाड दोर. पुढच्या काळातल्या ग्रीक उच्चारात दोन्ही सारखेच ऐकू येऊ लागले, म्हणून थोड्या आणि उशिराच्या हस्तलिखितांत दोर शिरला. त्या छोट्या दाराचा पहिल्या शतकातला पुरावा नाही. ती गोष्ट मध्ययुगात दिसू लागते. बाबिलोनी तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मग्रंथात, अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे, म्हणजे बोलायची रीत ओळखीचीच. शिवाय शिष्यांचं पुढचं वाक्य वाचा : ‘तर मग कोणाचे तारण होणार?’ उंट गुडघे टेकून दारातून जात असता तर ते एवढे हादरले नसते. श्रीमंतांसाठी दार रुंद करायची आपल्याला घाई असते, पण प्रभूला ती नव्हती.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही; निवृत्त मराठी शिक्षक आहे. शुभवर्तमानं वाचताना ‘पश्चात्ताप करा’ हे वारंवार आलं. एका व्याख्यानात ऐकलं, की मूळ ‘मेतानोइआ’चा अर्थ ‘विचार बदलणे’ एवढाच आहे, पश्चात्ताप हे भाषांतर चूक. आपलं मत? (सातारा)

उत्तर : सर, तुम्ही लिहिलंत याचा आनंद झाला. या शब्दावर युरोपात मोठा इतिहास घडलाय. लॅटिन शास्त्रात त्या जागी जे शब्द होते ते लोकांच्या कानाला ‘प्रायश्चित्त करा’ असे ऐकू येत, म्हणजे पाळकापुढे कबुली आणि त्याने सांगितलेली शिक्षा. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने मूळ ग्रीक पाहून शंका काढली. इरास्मस या डच विद्वानाने वाल्लाच्या टिपा 1505 मध्ये छापल्या आणि 1516 मध्ये ग्रीक नवा करारच छापून लोकांच्या हाती दिला. चर्चच्या सुधारणेची चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरच्या 1517 च्या 95 प्रबंधांतला पहिलाच याविषयी आहे : प्रभू ‘पश्चात्ताप करा’ म्हणतो तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं त्याला म्हणायचंय.

पण ‘मेता’ म्हणजे बदल आणि ‘नूस’ म्हणजे मन, म्हणून नुसता विचार बदलणे, ही पुन्हा पंकजातून बेडूक काढण्याची रीत झाली. लूक अध्याय 3 पाहा. बाप्तिस्मा करणारा योहान मेतानोइआला शोभतील अशी फळं द्या म्हणतो. लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो उत्तर देतो : दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. जकातदारांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कुणाला धमकावून पैसे उकळू नका, पगारात भागवा. कपाट, जकातनाका, बराक. मेतानोइआचा इतका नेमका खुलासा मला कुठल्या कोशात मिळालेला नाही.

‘येशूला धरून देणाऱ्या यहूदाला नुसता पस्तावा झाला, त्याला वेगळा शब्द आहे’ असंही सांगतात. वेगळा शब्द आहे, ‘मेतामेलोमाइ’, मत्तय 27:3. पण मत्तय 21:29 मध्ये आधी ‘जात नाही’ म्हणून नंतर मळ्यात गेलेल्या मुलालाही तोच आहे, आणि तो मुलगा तर कौतुकाचा. म्हणून तिथेही भिंत घालू नये. ‘पश्चात्ताप’ शब्दात मागाहून होणारा ताप आहे, रस्ता बदलणं तेवढं नाही. ती उणीव खरी. संतांच्या ‘अनुताप’ शब्दाचंही तसंच आहे. मी वर्गात ‘मागे फिरा’ असं जोडून सांगत असे. पण शब्द काढून टाकावा असं मला वाटत नाही. ताप झाल्याशिवाय वळतं कोण?

प्रश्न : निकदेम या ज्यू पुढाऱ्याशी नव्या जन्माबद्दल बोलताना येशू मध्येच वाऱ्याबद्दल का बोलू लागतो? (योहान 3:8, बेळगाव)

उत्तर : ग्रीकमध्ये तो मध्येच बोलत नाही. ‘प्नेउमा’ या एकाच शब्दाचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा. त्यामुळे ‘वारा पाहिजे तिकडे वाहतो’ या वाक्यात पहिल्याच शब्दाला आत्मा ऐकू येतो. त्याआधी निकदेम ज्यावर गोंधळतो तो शब्द ‘आनोथेन’. त्याचे अर्थ ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. प्रभू वरून म्हणतोय, निकदेम ‘पुन्हा’ हा अर्थ धरून आईच्या पोटात परत कसं शिरायचं ते विचारतो. मराठीत ‘नव्याने’ घेतल्यावर दुसरा अर्थ निसटतो, त्याला इलाज नाही.

वाऱ्याला मात्र मराठीत वाट होती. आपल्याकडे अंगात ‘वारं’ येतं. देवीचं वारं, खंडोबाचं वारं. वारा आणि आत्मा एका शब्दात बांधलेला आपल्या गावागावांत होता. भाषांतरकारांनी तो घेतला नाही, आणि घेता आलाही नसता, कारण त्याच्याबरोबर दुसऱ्याच दैवतांची आठवण आली असती. तरी माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीला मी हे वचन वाचून दाखवलं तेव्हा ती लगेच म्हणाली, “वारंच ते. कुठनं आलं, कुठं गेलं, कुणाला कळतंय?” तिला ग्रीक शिकवायची गरज नव्हती.

प्रश्न : मी 58 वर्षांची गृहिणी. आता ग्रीक शिकता येईल का? (मुलुंड)

उत्तर : येईल. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन या आपल्या आश्रमाचा सगळा व्याप सांभाळून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचं भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा 63 वर्षांच्या होत्या, आणि अखेरपर्यंत याच कामात होत्या. तिथल्याच बायकांनी तिथल्याच छापखान्यात त्याची छपाई केली आणि 1924 मध्ये ते बाहेर आलं.

तुम्ही योहानाच्या पहिल्या पत्रापासून सुरू करा. पाच छोटे अध्याय, वाक्यं सोपी, तेच तेच शब्द पुन्हा येतात, म्हणून पाठ करावे लागत नाहीत. व्याकरणाचं पुस्तक महिनाभर उघडू नका. अक्षरं 24 आहेत. रोज तीन गिरवली तर आठ दिवसांत झाली. नवव्या दिवशी पहिल्या वचनाची पहिली ओळ बघून वहीत उतरवा, खाली मराठी उच्चार लिहा आणि फोटो काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी लाल पेनने तपासून परत पाठवीन.